मूळनलिकेतील तुटलेल्या उपकरणावरील भरण

दाताच्या मूळनलिकेची चिकित्सा (रूट कॅनाल) चालू असताना नलिका साफ करणारे बारीक धातूचे उपकरण कधी कधी आत तुटते. तुटलेला तुकडा बाहेर काढता आला नाही, किंवा तो काढणे दाताच्या हिताचे नाही असे ठरले, तर उरलेली नलिका शक्य तितकी निर्जंतुक करून त्या तुकड्यासह ती बंद केली जाते. या प्रक्रियेस तुटलेल्या उपकरणावरील नलिकाभरण असे म्हणता येते. दंतसंवर्धन व अंतर्दंतचिकित्सा या शाखेत हा विषय शिकवला जातो. नलिकेत राहिलेल्या धातूपासून दाताला सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो त्या धातूमुळे साफ न झालेल्या भागातील जिवाणूंपासून. या विषयावरील बहुतेक निर्णय या एका भेदावर अवलंबून असतात.

शब्दयोजना

मराठी बोलीत या चिकित्सेला ‘दाताची नस काढणे’ किंवा ‘नस मारणे’ म्हणतात. प्रत्यक्षात काढला जातो तो दाताच्या आतील मऊ गर. या गरात नसांबरोबर रक्तवाहिन्या व संयोजी ऊतकही असते. उपकरणाला दंतवैद्य ‘फाईल’ म्हणतात, तर रुग्ण ‘सुई’ किंवा ‘पिन’ म्हणतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत तुटलेल्या फाईलसाठी ‘विलग झालेली’ या अर्थाचा सौम्य शब्द रूढ आहे. उपकरण स्वतःहून वेगळे झाल्याचा भास त्यातून होतो. ‘तुटलेले’ हा मराठी शब्द अधिक सरळ असून या लेखात तोच वापरला आहे.

उपकरणे व भरणद्रव्य

मूळनलिकेसाठी खास उपकरण करण्याचे श्रेय सामान्यतः एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्याला दिले जाते. १८३८ च्या सुमारास त्याने घड्याळाच्या स्प्रिंगची तार घासून असे उपकरण तयार केले. पुढे कार्बन पोलादाच्या व नंतर स्टेनलेस स्टीलच्या फाईली आल्या. आज हाताने वापरायच्या फाईलींना आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार क्रमांक व रंग असतात. क्रमांक १० म्हणजे टोकाशी ०.१० मिलिमीटर व्यास, रंग जांभळा. क्रमांक १५ पांढरा, २० पिवळा, २५ तांबडा, असा हा क्रम पुढे जातो. कापणारा भाग १६ मिलिमीटरचा असतो आणि दर मिलिमीटरला त्याची जाडी ०.०२ मिलिमीटरने वाढते. केसाहून फारशा जाड नसलेल्या या तारेवर कापण्यासाठी मळसूत्रासारखी धार असते. तिच्यावर पडणाऱ्या ताणाची कल्पना एवढ्यावरूनच येते.

निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूने १९८८ नंतर मोठा बदल घडवला. त्या वर्षी वालिया, ब्रँटली व गेर्स्टाइन यांनी या मिश्रधातूच्या तारेपासून केलेल्या फाईलींवरील निबंध प्रसिद्ध केला. हा मिश्रधातू मुळात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विकसित झाला होता. तो पोलादापेक्षा कितीतरी अधिक लवचीक असल्याने वाकड्या नलिकेत नलिकेच्या वळणानुसार जातो. त्यामुळे मोटरवर फिरणाऱ्या फाईली शक्य झाल्या आणि कामाचा वेळ वाचला. मात्र पोलादाची फाईल तुटण्यापूर्वी बहुधा वाकून किंवा तिचे पीळ उलगडून इशारा देते, तर हा मिश्रधातू पुष्कळदा इशाऱ्यावाचून तुटतो.

भरणासाठी मुख्यतः गटापर्चा वापरतात. आग्नेय आशियातील एका वृक्षाच्या चिकापासून हे द्रव्य मिळते. हा वृक्ष मोह, चिकू व बकुळ यांच्याच कुळातला आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालील तारायंत्राच्या केबलींवर याच गटापर्चाचे वेष्टन असे. दंतवैद्यकात त्याचा प्रवेश १८४७ साली झाला व १८६७ पासून नलिका भरण्यासाठी त्याचा वापर होऊ लागला. आजच्या गटापर्चाच्या काड्यांत मूळ चीक सुमारे एक पंचमांश असतो. उरलेला बहुतांश भाग झिंक ऑक्साइड आणि क्ष-किरणात दिसण्यासाठी घातलेली द्रव्ये यांचा असतो. गटापर्चा दाताला स्वतः चिकटत नाही, म्हणून त्याभोवती सीलर नावाचे पातळ बंधकद्रव्य लावावे लागते.

उपकरण का तुटते

फाईल तुटण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत फाईलचे टोक अरुंद जागी अडकते, पण दांडा फिरतच राहतो, आणि पिळाचा ताण धातूच्या मर्यादेबाहेर जातो. दुसरीत फाईल वळणात मोकळी फिरत असते. प्रत्येक फेऱ्यात वळणाच्या आतील बाजू दाबली जाते व बाहेरील ताणली जाते. लोखंडी तार पुनःपुन्हा एकाच जागी वाकवली की जसा तिचा तुकडा पडतो, तसेच येथे घडते. वळण जितके तीव्र आणि त्या जागी फाईल जितकी जाड, तितके हे लवकर होते.

खालच्या पहिल्या दाढेच्या पुढील मुळातील नलिका आणि वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील पुढच्या मुळातील नलिका अरुंद व वाकड्या असतात. बहुतेक फाईली तेथेच तुटतात. दाताच्या शिखरभागात केलेले प्रवेशछिद्र लहान किंवा तिरपे असले, तर फाईल नलिकेत शिरण्यापूर्वीच वाकते आणि एका वळणाची दोन वळणे होतात. विद्यार्थ्यांच्या हातून होणाऱ्या चुकांत ही मोठी आहे, पण पाठ्यपुस्तकांत तिच्यापेक्षा धातुशास्त्राला अधिक पाने दिलेली आढळतात. याखेरीज बारीक हातफाईलने आधी वाट मोकळी न करता मोटर चालवणे, कोरड्या नलिकेत काम करणे, फाईल दाबून पुढे रेटणे ही कारणे आहेतच.

फाईलींचा पुनर्वापर हे आणखी एक कारण आहे. एकदाच वापरायच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या फाईली निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची रीत खर्चामुळे अनेक देशांत आहे. इंग्लंडमध्ये २००७ साली आरोग्य खात्याने या फाईली एकाच रुग्णासाठी वापराव्यात असे सांगितले. त्यामागील कारण मात्र तुटणे हे नसून प्रायॉन या रोगकारक प्रथिनाचा संसर्ग टाळणे हे होते.

प्रमाण

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागातील ४,८६५ रुग्णनोंदींचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हातफाईल तुटण्याचे प्रमाण ०.२५ टक्के, तर मोटरवरील फाईलचे १.६८ टक्के आढळले. मुळाच्या टोकाकडील तृतीयांशात फाईल तुटण्याची शक्यता वरच्या तृतीयांशाच्या सुमारे ३३ पट होती. म्हणजे जेथून तुकडा काढणे सर्वांत कठीण, तेथेच तो सर्वाधिक तुटतो. इतर अभ्यासांतील आकडे याहून कमी-अधिक आहेत. दंतवैद्याचा अनुभव, नोंदीची पद्धत व फाईलचा प्रकार यांनुसार ते बदलतात, म्हणून कोणताही एकच आकडा सर्वत्र लागू मानता येत नाही.

काढावे, वळसा घालावा की ठेवावे

तुकडा तुटल्याचे लक्षात येताच काम थांबवून क्ष-किरण चित्र घेतले जाते. चित्रात गटापर्चापेक्षा धातू अधिक ठळक व रेखीव दिसतो. तुकड्याची लांबी, तो वळणाच्या अलीकडे आहे की पलीकडे, आणि त्याभोवती मुळाची भिंत किती जाड आहे, हे पाहिले जाते. शंकू-किरण त्रिमिती चित्रणाने हे अधिक स्पष्ट होते.

तुकडा नलिकेच्या सरळ भागात असेल, तर शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या वरच्या टोकाभोवती लहानसा ओटा कोरतात आणि श्राव्यातीत कंपने देणारे बारीक टोक त्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात. फाईलचे पीळ उजवे असल्याने ती मळसूत्राप्रमाणे सैल होऊन वर येते. बारीक नळी तुकड्यावर बसवून ती चिकटद्रव्याने जोडणे, तारेच्या फासाने ओढणे, किंवा दोन-तीन हातफाईली तुकड्याभोवती गुंफून ओढणे, हेही उपाय आहेत.

बर्न येथील २००५ च्या अभ्यासात ९७ तुकड्यांपैकी ८७ टक्के काढता आले. ब्राझीलमधील २०१२ च्या अभ्यासात दिसणाऱ्या तुकड्यांच्या बाबतीत यश ८५.३ टक्के, तर सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणाऱ्या तुकड्यांच्या बाबतीत ते केवळ ४७.७ टक्के होते. हे काम विशेष प्रशिक्षित हातांनी, साधनसंपन्न ठिकाणी केलेले होते, हे हे आकडे वाचताना विसरता कामा नये.

यश मिळाले तरी त्याची किंमत मोजावी लागते. तुकड्यापर्यंत पोहोचण्यासाठी मुळाची आतील भिंत कोरावी लागते. जितके खोल जावे तितके मूळ पातळ होते, त्याला भोक पडण्याचा किंवा पुढे उभी चीर जाण्याचा धोका वाढतो. उभी चीर गेलेला दात बहुधा काढावाच लागतो. चार मिलिमीटरचा तुकडा काढून दात गमावणे हा सौदा शहाणपणाचा नव्हे. म्हणून ठरावीक वेळेत तुकडा हलला नाही तर प्रयत्न थांबवावा, असा सल्ला दिला जातो. ही मर्यादा साधारणपणे पाऊण तास ते एक तास मानतात.

मधला मार्ग म्हणजे वळसा घालणे. नलिका क्वचितच पूर्ण गोल असते. लंबगोल नलिकेत तुकड्याच्या बाजूला फट उरते. क्रमांक ६, ८ किंवा १० ची हातफाईल टोकाशी किंचित वाकवून, ईडीटीए या मृदुकारक द्रव्यासह त्या फटीतून हळूहळू पुढे नेतात. वाट सापडली तर तुकड्यापलीकडचा भाग साफ होतो आणि तुकडा भरणाचाच एक भाग बनून राहतो. अनेक चिकित्सक यालाच सर्वांत समाधानकारक परिणाम मानतात, कारण यात भिंत फारशी कोरली जात नाही व जिवाणूही सुटत नाहीत.

तुकड्यावरील भरण

काढणे व वळसा दोन्ही साधले नाही, तर तुकड्याच्या वरच्या टोकापर्यंतची नलिका हीच कामाची लांबी ठरते. सोडियम हायपोक्लोराइटने ती वारंवार धुतात. ते द्रावण तुकड्याच्या पिळांमधून खाली झिरपावे म्हणून त्याला कंपने देतात. जंतुसंसर्ग असेल तर पुढील भेटीपर्यंत आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप ठेवतात. या टप्प्यावर घाई केल्यास पुढील सर्व कौशल्य वाया जाऊ शकते.

भरणाची अडचण भौमितिक आहे. निरोगी नलिका टोकाकडे निमुळती होत जाते व गटापर्चाची काडी तिच्यात चपखल बसते. येथे मात्र नलिकेचा तळ म्हणजे धातूचे ओबडधोबड तुटके टोक असते. त्याभोवती फटी असतात आणि पिळांमध्ये दंतिनाचा भुगा अडकलेला असतो. थंड काडी या तळावर टेकते, पण त्याला भिडत नाही, व मध्ये पोकळी राहते. म्हणून उष्णतेने मऊ केलेला गटापर्चा दाबून बसवण्याची पद्धत येथे अधिक पसंत केली जाते. तिचे आजचे रूप हर्बर्ट शिल्डर याने १९६७ मध्ये मांडले. मऊ गटापर्चाच्या दाबाने सीलर फटींत व पिळांमध्ये शिरतो. अलीकडे कॅल्शियम सिलिकेटवर आधारित सीलर वापरतात. ते ओलाव्यात घट्ट होतात व आकसत नाहीत. नलिका रुंद असेल तर तुकड्यावर एमटीए या खनिज सिमेंटचा थर देऊन त्यावर गटापर्चा भरतात.

नलिकेत धातू ठेवणे ही कल्पना दंतवैद्यकाला नवी नाही. विसाव्या शतकात चांदीच्या काड्यांनी नलिका मुद्दाम भरल्या जात. चांदी ऊतकद्रवात गंजते व तिची उत्पादने भोवतालच्या ऊतकाला त्रास देतात, असे दिसल्यावर ती पद्धत मागे पडली. स्टेनलेस स्टील व निकेल-टायटॅनियम यांचे गंजणे तुलनेने नगण्य आहे. तुकडा ‘वर चढत’ मेंदूकडे किंवा हृदयाकडे जातो, ही रुग्णांत आढळणारी भीती निराधार आहे. तो दंतिनात पाचरीसारखा घट्ट अडकलेला असतो, आणि म्हणूनच निघत नाही.

भरण झाल्यावर दाताचा वरचा भाग पक्क्या द्रव्याने बंद करून दाढेवर टोपण, म्हणजे कॅप, बसवतात. वरून लाळ झिरपली तर खालचे उत्तम भरणही जिवाणूंना फार काळ रोखू शकत नाही. १९९५ साली रे व ट्रोप यांनी १,०१० दातांच्या क्ष-किरण चित्रांवरून हे दाखवले. मराठवाड्यातच काय, सर्वत्रच दुखणे थांबले की कॅपसाठी परत न येणारे रुग्ण पुष्कळ असतात. तुकडा राहिलेल्या दाताला ही चालढकल अधिक महाग पडते.

बंदिस्ती व परिणाम

तुकड्यामुळे बंदिस्ती ढिली होते का, हे काढलेल्या दातांवर जिवाणू झिरपण्याच्या प्रयोगांनी पाहिले गेले. २००४ साली साँडर्स व सहकाऱ्यांना मुळाच्या टोकाशी तुकडा असलेल्या व नसलेल्या भरलेल्या नलिकांत जिवाणू पार होण्याच्या कालावधीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र प्रयोगातील नलिका आधी साफ केलेल्या असतात. रुग्णाच्या तोंडात फाईल तुटते तेव्हा तिच्यापलीकडे काय उरले आहे, हे असे प्रयोग सांगू शकत नाहीत.

या दृष्टीने रुग्णांवरील अभ्यास अधिक मोलाचे आहेत. ऑस्ट्रेलियातील स्पिली, पराशोस व मेसर यांनी २००५ साली एका विशेषज्ञ चिकित्सालयातील ८,४६० नोंदी तपासल्या. ३.३ टक्के दातांत तुकडे राहिलेले होते. असे दात बरे होण्याचे प्रमाण ९१.८ टक्के, तर तुलनेसाठी निवडलेल्या तुकडाविरहित दातांचे ९४.५ टक्के होते. मुळाच्या टोकाशी आधीच व्रण असलेल्या दातांत हे आकडे अनुक्रमे ८६.७ व ९२.९ टक्के झाले. दोन्ही फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरले नाहीत. २०१० च्या एका एकत्रित विश्लेषणात तुकडा राहिलेल्या १९९ दातांचा विचार झाला. आधी व्रण असलेल्यांपैकी ८०.७ टक्के बरे झाले, तर व्रण नसलेल्यांपैकी ९२.४ टक्के निरोगी राहिले. या विश्लेषणात केवळ दोन अभ्यास होते, म्हणून त्यावरून ठाम नियम बांधणे धाडसाचे होईल. तरी दिशा स्पष्ट दिसते: दात आधी किती रोगग्रस्त होता, याचे वजन तुकड्याच्या असण्यापेक्षा जास्त आहे.

त्याचबरोबर फाईल कोणत्या टप्प्यावर तुटली, हेही पाहावे लागते. सफाई जवळजवळ पूर्ण झाल्यावर तुटलेली फाईल फारसे नुकसान करत नाही. पहिल्याच फेरीत, पू झालेल्या दातात तुटलेली फाईल मात्र आपल्याखाली सर्व जिवाणू कोंडून ठेवते.

भरणानंतर सहा महिने, एक वर्ष व पुढे चार वर्षांपर्यंत क्ष-किरण चित्रे काढून मुळाच्या टोकाचे हाड तपासतात. व्रण वाढला किंवा दुखणे राहिले, तर हिरडी उघडून मुळाचे टोक तुकड्यासह कापतात व मागील बाजूने एमटीएने नलिका बंद करतात. खालच्या दुसऱ्या दाढेसारख्या, शस्त्रक्रियेस अवघड जागी दात काळजीपूर्वक काढून, बाहेर दुरुस्त करून, पुन्हा त्याच खोबणीत बसवण्याचा उपायही क्वचित केला जातो.

छत्रपती संभाजीनगरमधील शिक्षण व उपचार

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९८२ साली सुरू झाले. ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, लोकांच्या तोंडी ‘घाटी’ म्हणून रुळलेल्या परिसरात आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलल्यामुळे त्यापूर्वीच्या पदव्या व शोधनिबंध यांवर औरंगाबाद असे नाव आढळते. शहरात कांचनवाडी येथे छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचेही दंत महाविद्यालय आहे. राज्यातील दंत महाविद्यालयांप्रमाणे येथील शिक्षणक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी निगडित आहे. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले.

पदवीचा विद्यार्थी नलिकेचे काम प्रथम काढलेल्या दातांवर शिकतो. पहिली फाईल तुटण्याचा अनुभव त्याला येथेच यावा, हे उत्तम. चार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची आंतरवासिता एवढ्या अवधीत साध्या नलिका हाताळता येतात. वळणापलीकडचा तुकडा काढणे हे तीन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणानंतरचे काम समजले जाते, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. जालना, बीड किंवा परभणी जिल्ह्यातील खेड्यातून बसने येणाऱ्या रुग्णाला दोन-तीन लांबलचक भेटी म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडणे होय. काढावे की ठेवावे, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवताना केवळ क्ष-किरण चित्र पाहून भागत नाही.

रुग्णाला सांगणे व कायदा

फाईल तुटल्याचे रुग्णाला त्याच दिवशी, त्याला कळेल अशा भाषेत सांगणे हा चिकित्सेचाच भाग मानला जातो. तुकड्याची जागा, त्याचा अंदाजे आकार, केलेले प्रयत्न व सुचवलेले पर्याय यांची नोंद करून क्ष-किरण चित्र जपून ठेवावे लागते.

भारतात खासगी वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात स्पष्ट केले. जेथे सर्वच रुग्णांवर विनामूल्य उपचार होतात, अशा सेवा त्यातून वगळल्या गेल्या. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निकालात प्रत्येक अपघात किंवा निर्णयातील चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असे तत्त्व मांडले गेले. समान कौशल्याच्या सामान्य व्यावसायिकाने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हा तेथे निकष आहे. समीरा कोहली (२००८) खटल्यात उपचारापूर्वी रुग्णाला पुरेशी माहिती देऊन संमती घेण्याची अपेक्षा विस्ताराने सांगितली आहे.

या चौकटीत फाईल तुटणे हा चिकित्सेतील ज्ञात धोका ठरू शकतो. तुटल्याचे लपवणे मात्र वेगळी गोष्ट आहे. पुष्कळदा हे लपवलेले वास्तव काही वर्षांनी दुसऱ्या दंतवैद्याने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात उघड होते. मग मूळ तक्रार दाताची असली तरी वाद माहिती दडवल्याचा होतो. यासाठी काही दंतवैद्य नोंदीची एक प्रत व चित्र रुग्णाच्या हाती देतात. पुढे गाव बदलले, दंतवैद्य बदलला, तरी कोणत्या नलिकेत किती खोलीवर तुकडा आहे हे त्या कागदावरून कळते.